युरोपियन युनियनच्या तिजोरीला पुन्हा संमती देण्याआधी : जर्मन संसदेच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय खासदारांनो,

मी हांबुर्गच्या एका मालवाहतूक कंपनीत कस्टम्सचे काम बघते. परदेशातून आलेल्या मालाची कागदपत्रे तपासायची, त्याला योग्य कोड लावायचा, शुल्क भरून माल सोडवायचा, हे गेली १६ वर्षे माझे रोजचे काम आहे. मूळची मी नाशिक जिल्ह्यातली, दिंडोरी तालुक्यातली. घरची साडेतीन एकर द्राक्षबाग भाऊ बघतो. २०१७ साली मी जर्मन नागरिकत्व घेतले, भारताचा पासपोर्ट परत केला आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या सभागृहासाठी मतदान केले. पासपोर्ट परत करताना हात जड झाला होता. पण जिथे राहतो, कर भरतो, मूल वाढवतो, तिथल्या कारभारात आपले मत असावे, या एका विचाराने तो दिला.

या पत्राची जर्मन प्रत तुमच्यापर्यंत पोचलीच असेल. मराठीत ते लिहिले, कारण या देशात कर भरणारी आणि आता मतही देणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत, आणि ज्या कायद्याबद्दल मी बोलते आहे त्याचे नावही त्यांतल्या बहुतेकांच्या कानावर गेलेले नाही. त्यात त्यांचा दोष नाही.

तो कायदा म्हणजे युरोपियन युनियनने आपले पैसे कुठून आणि किती उभे करायचे याला संमती देणारा कायदा. मराठी वाचकांसाठी थोडे सांगते. भारतात केंद्र कर गोळा करते आणि वित्त आयोगाच्या सूत्राने त्यातला वाटा राज्यांकडे खाली येतो. युनियनमध्ये पाणी उलटे चढते: २७ देश गोळा करतात आणि वर ब्रसेल्सला पाठवतात. युनियनला स्वतःहून कुणावर कर बसवता येत नाही. कोणते स्रोत, किती टक्के, कमाल मर्यादा काय, हे सगळ्या देशांच्या सरकारांनी एकमताने ठरवायचे आणि मग प्रत्येक देशाने आपापल्या घटनेप्रमाणे त्याला मान्यता द्यायची, असे युनियनच्या कराराचे ३११ वे कलम सांगते. जीएसटीच्या घटनादुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती पुरली होती. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही खास अधिवेशन भरवून ती दिली. इथे सत्तावीसच्या सत्तावीस लागतात. एक देश अडला की सगळे अडते.

म्हणजे तुमची मान्यता हा उपचार नाही. युनियनचा पैसा कुठून येणार यावर आम्हा मतदारांच्या प्रतिनिधींना 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याची ही एकच जागा आहे, आणि ती अनेक वर्षांतून एकदा येते. मागच्या वेळी ती कशी वापरली गेली, ते मला मान्य नाही. आता पुढची वेळ जवळ आली आहे, म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, मी युनियनच्या विरोधात नाही. माझी नोकरीच युनियनच्या सामाईक सीमाशुल्कावर उभी आहे. २०२० साली साथीच्या दिवसांत बंदरात कंटेनर अडकले होते. ज्या इटलीतून आमचा माल यायचा तिथल्या सहकाऱ्यांच्या घरी माणसे जात होती. तेव्हा सगळ्यांनी मिळून कर्ज काढून एकमेकांना हात द्यावा हे मला पटले होते, आजही पटते. माझी तक्रार मदतीबद्दल नाही. ती मदत आमच्यापुढे ज्या रीतीने मांडली, किंवा मांडलीच नाही, त्याबद्दल आहे.

१४ डिसेंबर २०२० चा तो निर्णय आठवा. युनियनच्या उत्पन्नाची कमाल मर्यादा सकल राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.४० टक्क्यांवर नेली. शिवाय साथीनंतरच्या उभारणीचे कर्ज फिटेपर्यंत आणखी ०.६ टक्का. कर्ज ७५० अब्ज युरोंपर्यंत, २०१८ च्या किमतींत, त्यातले ३९० अब्ज अनुदान म्हणून वाटायचे. परतफेड ३१ डिसेंबर २०५८ पर्यंत. युनियनने एवढे मोठे कर्ज यापूर्वी कधी काढले नव्हते. तुम्ही त्यावर २५ मार्च २०२१ रोजी मतदान केले: ४७८ बाजूने, ९५ विरोधात, ७२ तटस्थ. दुसऱ्या दिवशी बुंडेसराटची, म्हणजे राज्यांच्या सभागृहाचीही संमती झाली. त्याच दिवशी कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षांची सही तात्पुरती थांबवली नसती, तर असा काही कायदा झाल्याचे माझ्या ऑफिसात कुणालाच कळले नसते. दोन हजारांहून जास्त नागरिकांनी तिथे दाद मागितली होती. एप्रिलमध्ये स्थगिती उठली, १ जून २०२१ ला निर्णय लागू झाला, आणि ६ डिसेंबर २०२२ रोजी न्यायालयाने तक्रारी फेटाळल्या. निकाल मला मान्य आहे. पण नागरिकांना हा विषय समजायला कोर्टाची पायरी चढावी लागावी, हे मला संसदेचे अपयश वाटते.

फिनलंडकडे बघा. तिथल्या घटनाविषयक समितीने सांगितले की हा निर्णय साध्या बहुमताने चालणार नाही, दोन तृतीयांश मते लागतील. सभागृहात अनेक दिवस, रात्री जागून भाषणे झाली. कंटाळवाणी झाली असतील, मुद्दाम लांबवलेलीही होती. तरी १८ मे २०२१ रोजी १३४ विरुद्ध ५७ असा निकाल लागला, तेव्हा त्या छोट्या देशातल्या माणसांना आपण कशाला हो म्हटले ते माहीत होते. सव्वाआठ कोटींहून जास्त लोकांच्या आपल्या देशाला ते माहीत असू नये?

आता एकेक तक्रार सांगते. सगळ्यांत आधी प्लास्टिकची, कारण ती माझ्या स्वयंपाकघरात पोचते.

१ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक देश पुनर्वापरात न गेलेल्या प्लास्टिक वेष्टनाच्या दर किलोमागे ८० सेंट युनियनला देतो. कल्पना चांगली आहे, कचरा करील त्याने भरावे. गेल्या मार्चमध्ये मी इथल्या दुकानातून नाशिकची द्राक्षे आणली. अर्ध्या किलोचे पनेट, म्हणजे झाकणाचा प्लास्टिकचा डबा. आमच्याकडच्या पॅकहाउसमध्ये बायका हे पनेट भरतात तेव्हा एकेक घड कात्रीने नीट करून, मण्यांवरची लव न पुसता, देठ वर येऊ न देता रचतात. द्राक्षे संपल्यावर मी ते पनेट धुतले आणि मसाले मोजायच्या काट्यावर ठेवले. झाकणासकट १८ ग्रॅम. ते पुनर्वापरात गेले नाही तर ८० सेंट किलोच्या दराने त्याचे जेमतेम दीड सेंट होतात. मी ते वेष्टनांच्या कचऱ्यासाठी असलेल्या पिवळ्या डब्यात टाकले. पुढे ते नव्या प्लास्टिकमध्ये गेले की भट्टीत, मला कळायला मार्ग नाही. जळाले असेल तर त्याचा दीड सेंट कुणी भरला? पनेट बनवणाऱ्याने नाही, ते मागवणाऱ्या दुकानसाखळीनेही नाही. तो जर्मन केंद्र सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून गेला. म्हणजे सुटी द्राक्षे कापडी पिशवीत आणणाऱ्या माझ्या शेजारच्या आजींनीही तो भरला.

असे दीड-दीड सेंट मिळून जर्मनीचे वर्षाला सव्वा अब्ज युरोंच्या वर जातात. स्पेनने १ जानेवारी २०२३ पासून एकदाच वापरायच्या वेष्टनातल्या नव्या प्लास्टिकवर किलोमागे ४५ सेंट कर उत्पादक आणि आयातदारांवर बसवला. इथे जर्मनीत २०२३ च्या अखेरीस, अर्थसंकल्पाला भगदाड पडल्यावर, हा बोजा कंपन्यांकडे द्यायचे ठरले. मग ते एक वर्ष पुढे ढकलले, मग सरकार पडले. पैसे मात्र दर महिन्याला जात राहिले. ज्या सभागृहाने कायद्यात या स्रोताला मान्यता दिली, त्याने तो खऱ्या जागी बसवायचे काम अर्धे सोडले आहे. मी हाच प्रश्न एका खासदाराच्या कार्यालयाला २०२१ साली लेखी विचारला होता. अकरा आठवड्यांनी उत्तरादाखल पाकीट आले. त्यात उभारणी निधीची रंगीत पुस्तिका होती. पुस्तिकेत प्लास्टिक हा शब्द नव्हता.

दुसरी तक्रार माझ्या टेबलावरची. युनियनचा सर्वांत जुना स्रोत म्हणजे सीमाशुल्क. मी शंभर युरो शुल्क भरले की त्यातले ७५ युनियनला जातात आणि २५ गोळा करणारा देश 'वसुलीचा खर्च' म्हणून ठेवतो. पूर्वी हा वाटा १० टक्के होता, मग २५ झाला, मग २०. युनियनचा कारभार चालवणाऱ्या युरोपियन आयोगाने २०१८ साली तो पुन्हा १० वर आणायचे सुचवले आणि जुलै २०२० च्या शिखर बैठकीत तो परत २५ वर गेला. या व्यवसायातल्या कुणालाही विचारा, शंभर युरो गोळा करायला पंचवीस लागतात का? पूर्वी कागदांचे गठ्ठे घेऊन कस्टम्सच्या खिडकीशी उभे राहायचो. आता सगळे संगणकावर होते आणि माहिती भरायचे काम आम्हीच करतो. खर्च कमी झाला, वाटा वाढला.

शिवाय तो वाटा जातो कुठे तेही बघा. न्हावाशेव्याहून निघालेला द्राक्षांचा कंटेनर बहुतेक वेळा रॉटरडॅमला उतरतो. लाल समुद्रातला मार्ग धोक्याचा झाल्यापासून तो आफ्रिकेला वळसा घालून येतो. भाऊ फोनवर दिवस मोजत असतो, कारण द्राक्ष वाट बघत नाही. माल रॉटरडॅमला सोडवला की शुल्क नेदरलँड्सकडे भरले जाते, २५ टक्के तिथे राहतात आणि ट्रक हांबुर्गला येतो. द्राक्षे इथल्या माणसांनी खाल्ली, शुल्क किमतीत धरून इथल्याच माणसांनी दिले. ज्या देशात मोठी बंदरे आहेत त्याला हा चौथा हिस्सा बक्षिसासारखा मिळतो. ही सवलत असेल तर तिला सवलत म्हणा. 'खर्च' म्हणून लिहिणे मला बरोबर वाटत नाही, आणि माझ्या कामात मी मालाला चुकीचे नाव दिले तर दंड होतो.

सवलतीचा विषय निघालाच आहे तर उघड सवलतींबद्दलही लिहिते. त्याच निर्णयात पाच देशांना वर्षाकाठी ठरावीक सूट आहे: ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वीडन, नेदरलँड्स आणि जर्मनी. जर्मनीची सूट २०२० च्या किमतींत ३.६७ अब्ज युरो, पाचांत सर्वांत मोठी. या सुटीचा फायदा मलाही होतो. १९८४ साली ब्रिटनला पहिली मोठी सूट मिळाली तेव्हा निदान भांडण उघड झाले होते, जगाला कळले होते. आपल्या ३.६७ अब्जांबद्दल तुमच्यापैकी किती जणांनी मतदारसंघात एक वाक्य तरी उच्चारले? 'आम्हीच सगळ्यांचे भरतो' असे निवडणुकीत ऐकवले जाते. खरेच, एकूण उत्पन्नाच्या प्रमाणात द्यायच्या वर्गणीत जवळजवळ चौथा हिस्सा आपला आहे. मग तिच्यातून मिळणारी सूटही त्याच दमात सांगायला हवी.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जड आहे. माझा मुलगा २०१४ चा. २०५८ मध्ये तो ४४ वर्षांचा असेल. जून २०२१ मध्ये या कर्जाचा पहिला रोखा निघाला, २० अब्ज युरो, दहा वर्षांसाठी, आणि व्याज होते ०.०८६ टक्के. तेव्हा पैसा जवळजवळ फुकट होता आणि वादात तोच धागा होता. नंतर व्याजदर चढले. आज युनियनलाही दहा वर्षांसाठी तीन टक्क्यांच्या आसपास मोजावे लागतात. अनुदान म्हणून वाटलेल्या भागाचे मुद्दल आणि व्याज युनियनच्या अर्थसंकल्पातूनच फिटायचे आहे. २०२८ पासून त्यासाठी वर्षाला सुमारे २४ अब्ज युरो लागतील, असे आयोगाचाच प्रस्ताव धरतो.

हे कुठून यायचे? २०२० साली सांगितले होते की नवे स्रोत येतील, आधी २०२३ पर्यंत, मग २०२६ पर्यंत, आणि कर्ज त्यातून फिटेल. प्लास्टिकचा अर्धामुर्धा स्रोत सोडला तर त्यातला एकही लागू झाला नाही. माझ्या वडिलांनी सोसायटीचे पीककर्ज काढले की त्याच रात्री आईला बसवून सांगायचे: एवढे घेतले, छाटणीला एवढे, औषधाला एवढे, माल गेला की एवढे फेडायचे, आणि माल गेला नाही तर काय विकायचे. ते शेवटचे वाक्य तुम्ही आम्हाला सांगितले नाही.

आता जुलै २०२५ चा प्रस्ताव समोर आहे. २०२८ ते २०३४ साठी जवळजवळ २,००० अब्ज युरोंचा आराखडा आणि पाच नवे स्रोत. उत्सर्जन परवान्यांच्या, म्हणजे कार्बन वायू सोडण्यासाठी कारखान्यांनी विकत घ्यायच्या परवान्यांच्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा आणि सीमेवरच्या कार्बन शुल्कातला, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या उत्सर्जनावरच्या शुल्कातला ७५ टक्के, हे दोन मला पटतात. कार्बन शुल्काचे काम मी स्वतः करते. पुण्याजवळच्या एका छोट्या बोल्ट-स्क्रू कारखान्याकडून उत्सर्जनाचे आकडे मागवताना त्या मालकाची किती दमछाक झाली ते मी फोनवर ऐकले आहे. पण आता ५० टनांखालच्या आयातीला सूट मिळाली आणि वाट थोडी सोपी झाली. सीमाशुल्कातला देशाचा वाटा १० टक्क्यांवर आणायचेही सुचवले आहे. तेही योग्य आहे. तंबाखूच्या करातल्या वाट्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. गोळा न झालेल्या ई-कचऱ्यावर किलोमागे २ युरो, यात मात्र प्लास्टिकचीच चूक पुन्हा होणार. भरणार तिजोरी, सुटणार विकणारा.

पाचवा स्रोत कंपन्यांचा. वर्षाची उलाढाल १० कोटी युरोंच्या वर गेली की ठरावीक रक्कम, एक लाख युरोंपासून सुरू, आणि ७५ कोटींच्या वर सरसकट साडेसात लाख. उलाढाल, नफा नाही. फळांच्या व्यापारात उलाढाल डोळे दिपवणारी असते आणि हातात राहते ते फार थोडे. एक कंटेनर बुरशीने गेला की महिन्याची कमाई जाते. अशा आयातदाराला एक लाख, आणि ७५ कोटींची कंपनी व ७,५०० कोटींची कंपनी या दोघींना सारखेच साडेसात लाख? हे न्यायाचे नाही. आणि आयातदारावर बसलेला लाख युरोंचा बोजा शेवटी कुणाच्या दरातून कापला जातो, ते दिंडोरीच्या बांधावर विचारा. आपल्या सरकारने कंपन्यांवरच्या या बोजाला विरोध जाहीर केला, हे वाचले. पण नुसता 'नको' पुरत नाही. हे नको तर वर्षाचे २४ अब्ज कशातून, ते त्याच वाक्यात यायला हवे. नाहीतर उरलेले सगळे देशांच्या वर्गणीवर येईल, म्हणजे परत आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर, आणि तेही नाव न घेता.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नवा संमती कायदा सभागृहात येईल तेव्हा त्याच्याबरोबर चार पानांचे सोप्या भाषेतले निवेदन जोडा. कोणत्या स्रोतातून जर्मनी किती देणार, किती सूट घेणार, वसुलीचा म्हणून किती ठेवणार, आणि २०५८ पर्यंत दर वर्षी कर्जापोटी किती जाणार. नवे स्रोत आलेच नाहीत तर काय, हेही त्यात लिहा. ते केवळ जर्मनमध्ये ठेवू नका. तुर्की, अरबी, पोलिश, रशियन भाषांत तरी काढा. मराठीचे भाषांतर मी स्वतः विनामोबदला करून देईन.

पहिले वाचन आणि अंतिम मतदान यांत किमान तीन महिने ठेवा. त्या काळात जाहीर सुनावणी एकट्या बर्लिनमध्ये नको. एक तरी हांबुर्गसारख्या बंदराच्या शहरात घ्या. तिथे प्राध्यापकांबरोबर कस्टम्सचे कारकून, कचरा वेचून निवडणारे कामगार आणि छोटे आयातदार यांनाही बोलवा.

प्लास्टिकचा बोजा वेष्टन बाजारात आणणाऱ्यांवर टाकणारा कायदा नव्या संमतीच्या आधी मंजूर करा, नंतर नव्हे. ई-कचऱ्याचा स्रोत मान्य करणार असाल तर तीच अट त्याला पहिल्या दिवसापासून लावा.

सीमाशुल्कातला वाटा प्रत्यक्ष खर्चाइतका करायचा आग्रह आपल्या सरकारकडे धरा. हांबुर्गला त्यात तोटा आहे, हे मला माहीत आहे. तरीही.

कंपन्यांचा स्रोत सध्याच्या रूपात मान्य करू नका. नफ्यावर आधारलेला दुसरा काही पर्याय असेल तर तो मांडा आणि त्यावर मत द्या.

आणि शेवटची. घटना न्यायालयाने २०२२ च्या निकालात सरकार आणि संसदेने या कर्जावर सतत लक्ष ठेवायचे, असे सांगितले आहे. त्यासाठी वर्षातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी अर्थमंत्र्यांनी सभागृहात उभे राहून किती फिटले, किती उरले, व्याज किती गेले ते सांगावे, आणि तुमच्यातल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता यावा.

यातली एखादी मागणी मान्य होण्यासारखी नसेल तर का नाही, ते मला लेखी कळवा. पुस्तिका नको. उत्तर जर्मनमध्ये चालेल. मी ते मराठीत आणून याच वाचकांपुढे शब्दशः ठेवीन.

आपली,
हांबुर्गमधली एक मतदार